ताण आला की हात डब्याकडे का जातो?

परीक्षा जवळ आली, की पुष्कळ घरांत एक चमत्कारिक गोष्ट घडताना दिसते. रात्रीचे जेवण व्यवस्थित झालेले असते. पोटात कावळे ओरडत नसतात. तरीही भूमितीचे प्रमेय चौथ्यांदा वाचूनही डोक्यात शिरेनासे झाले, की पावले आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. डबा उघडला जातो. एक लाडू, मग दुसरा, मग मूठभर चिवडा, मग पुन्हा लाडू. डबा अर्धा रिकामा झाल्यावर भान येते आणि मनाला टोचणी लागते.

यावर घरातून ठरलेला शेरा मिळतो : 'काय हा खादाडपणा!' पण शेरा म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. दगड खाली का पडतो, या प्रश्नाला 'कारण त्याला पडायची सवय आहे' असे उत्तर लिहिले तर कोणी गुण देणार नाही. ज्याचे पोट भरलेले आहे, तो का खातो? आणि तेही काळजी, राग, एकटेपणा अशा वेळीच का? या प्रश्नाचे उत्तर पोटात नाही, मेंदूत आहे. मेंदूतील ही यंत्रणा समजली, की 'खादाडपणा' हा शब्द आपण जपून वापरू लागू.

मेंदूचे इंधन संपते काय?

प्रथम एक सोपी शंका तपासून पाहू. अभ्यास करताना मेंदू पुष्कळ ऊर्जा वापरतो, म्हणून भूक लागते, असे अनेकांना वाटते. आपण हिशेबच करू.

मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १.४ किलोग्रॅम असते आणि तो सुमारे २० वॅट शक्तीने ऊर्जा खर्च करतो. तीन तासांच्या पेपरात हा खर्च किती होईल? २० वॅट गुणिले १०,८०० सेकंद, म्हणजे २,१६,००० ज्यूल. एक किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ ज्यूल. तेव्हा हा खर्च झाला सुमारे ५२ किलोकॅलरी. अर्ध्या केळ्यात इतकी ऊर्जा मिळते. शिवाय हा खर्च मेंदू स्वस्थ बसलेला असतानाही जवळजवळ तेवढाच करतो. अवघड गणित सोडवताना त्यात पडणारी भर अगदी किरकोळ असते.

कॅनडातील लाव्हाल विद्यापीठात जाँ-फिलिप शापू आणि अँजेलो त्राँब्ले यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत पाहण्यासारखा आहे. त्यांनी १४ विद्यार्थिनींना एकदा नुसते आरामात बसवले, एकदा उतारा वाचून सारांश लिहायला लावला आणि एकदा संगणकावर स्मरणशक्तीच्या व एकाग्रतेच्या चाचण्या दिल्या. प्रत्येक वेळी काम ४५ मिनिटांचे, आणि त्यानंतर हवे तेवढे जेवण. बौद्धिक कामासाठी आरामापेक्षा फक्त ३ किलोकॅलरी जास्त खर्च झाल्या होत्या. पण नंतरच्या जेवणात सारांशानंतर २०३ आणि चाचण्यांनंतर २५३ किलोकॅलरी जादा खाल्ल्या गेल्या. खर्च तीनचा आणि भरपाई दोनशेच्या वर! म्हणजे इंधनाचा हिशेब हे खरे कारण असू शकत नाही. मग कारण कोणते?

भुकेचा नियामक

विजेची इस्त्री तुम्ही पाहिली आहे. ती ठरावीक तापली, की आतली द्विधातूची पट्टी वाकते आणि विद्युतप्रवाह तुटतो. निवली, की पट्टी सरळ होते आणि प्रवाह पुन्हा सुरू होतो. यंत्रात जे घडते त्याची खबर मागे फिरून यंत्रालाच आवरते. या परतीच्या खबरीला 'फीडबॅक' म्हणतात. जो फीडबॅक बदलाला विरोध करतो, तो ऋण फीडबॅक. शरीरातील बहुतेक गोष्टी, उदाहरणार्थ शरीराचे तापमान किंवा रक्तातील साखर, याच तत्त्वावर काबूत राहतात.

भुकेचेही तसेच आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. आकाराने लहान, पण कारभार मोठा. १९५१ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद हे भारतीय शास्त्रज्ञ आणि जॉन ब्रोबेक यांनी असे दाखवले, की उंदराच्या हायपोथॅलॅमसमधील बाजूचा एक छोटासा भाग दोन्हीकडून नष्ट केला, तर समोर अन्न असूनही उंदीर खाणे सोडतो. हेच डॉ. आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले. आज आपल्याला माहीत आहे, की भूक एकाच केंद्रात बसलेली नसून मज्जापेशींच्या अनेक साखळ्या तिचा कारभार पाहतात. तरीही या कारभारात हायपोथॅलॅमसचे महत्त्व कायम आहे.

या नियामकाला खबर कोण देते? शरीरातील चरबीच्या पेशी 'लेप्टिन' नावाचे हॉर्मोन रक्तात सोडतात. त्याचा अर्थ : कोठारात माल आहे. हे हॉर्मोन १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. रिकामे जठर 'घ्रेलिन' सोडते. त्याचा अर्थ : जेवणाची वेळ झाली. ते १९९९ मध्ये जपानमधील शास्त्रज्ञांनी शोधून काढले. या दोन्ही व इतर काही संदेशांवरून हायपोथॅलॅमस भूक वाढवतो किंवा कमी करतो.

इथपर्यंत सगळे इस्त्रीसारखे सुरळीत आहे. पण या नियामकाच्या शेजारीच दुसरी एक यंत्रणा आहे. ती आहे धोक्याची.

धोक्याची घंटा

समोर अचानक साप दिसला, तर काय होते? काळीज धडधडते, तोंड कोरडे पडते, तळहात घामेजतात. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काही सेकंदांतच रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. लढा किंवा पळा, अशी ही तयारी आहे, असे अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले. अशा वेळी रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळते. वाघ मागे लागलेला असताना पचनाची घाई कोणाला असणार? म्हणून ऐन भीतीच्या क्षणी भूक मरते. पेपरच्या दिवशी सकाळी घास घशाखाली उतरत नाही, तो यामुळेच.

मात्र अ‍ॅड्रेनॅलिनच्या मागोमाग दुसरी, सावकाश चालणारी साखळी सुरू झालेली असते. हायपोथॅलॅमस सी. आर. एफ. नावाचा रासायनिक संदेश सोडतो. त्याने मेंदूखालची पोष ग्रंथी जागी होते. ती आपला संदेश रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथींना पाठवते आणि त्या 'कॉर्टिसॉल' हे हॉर्मोन तयार करतात. रक्तातील कॉर्टिसॉल वीस-तीस मिनिटांत कळसाला पोचते. त्याचे काम दुहेरी आहे. एकीकडे यकृतातून साखर बाहेर काढून ते शरीराला इंधन पुरवते, आणि धोका टळल्यावर खर्चाची भरपाई व्हावी म्हणून खाण्याची ओढ वाढवते. दुसरीकडे ते मेंदूकडे परत जाऊन 'पुरे, आता घंटा बंद करा' असेही सांगते. हाही ऋण फीडबॅकच.

ही व्यवस्था सापासाठी किंवा वाघासाठी उत्तम आहे, कारण साप पाच मिनिटांत निघून जातो. पण परीक्षेची काळजी महिनोन्महिने टिकते. घरातले भांडण, वर्गातली चेष्टा, मित्राने तोडलेली मैत्री, यांना पळून जाण्याने उत्तर देता येत नाही. घंटा वाजतच राहते. माँट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातील एका छोट्या टिपणात दाखवले, की थंडी, इजा, अतिश्रम अशा अगदी भिन्न गोष्टींचा मारा झाला तरी उंदराच्या शरीरात एकाच ठशाचे बदल होतात. त्यासाठी पुढे त्यांनी इंग्रजीतला 'स्ट्रेस' हा शब्द रूढ केला. पदार्थविज्ञानात हाच शब्द आपण 'प्रतिबल' म्हणून शिकतो. तारेला जादा वजन क्षणभर लावले तर ती पुन्हा मूळ लांबीवर येते, पण फार काळ लावून ठेवले तर ती हळूहळू लांबतच जाते. मनाचे आणि मेंदूचे तंतोतंत तसे नसले, तरी ही उपमा अगदीच गैरलागू नाही.

गोडाने घंटा खरोखरच शांत होते

आता खरी गंमत पुढे आहे. घाबरलेल्या किंवा खिन्न माणसाला काहीतरी गोड, तेलकट खावेसे वाटते. काकडी किंवा पडवळ आठवत नाही. असे का?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रयोगशाळेत मेरी डॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर अनेक वर्षे प्रयोग केले. ताणाखालच्या उंदरांना नेहमीच्या खाद्याबरोबर चरबी आणि साखरही ठेवली, तर ते या चविष्ट पदार्थांकडे वळतात, आणि ते खाल्ल्यावर मेंदूतील ताणाची साखळी मंदावते, असे दिसून आले. २००३ मध्ये त्यांनी असा विचार मांडला, की दीर्घ ताणात हे खाणे म्हणजे घंटा बंद करण्यासाठी शरीराने शोधलेला एक उपायच आहे.

पण घंटा शांत होते ती साखरेतील ऊर्जेने, की चवीने? हा प्रश्न सिनसिनाटी विद्यापीठातील इव्हॉन उल्रिक-लाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये फार सुरेख रीतीने सोडवला. काही उंदरांना दिवसातून दोनदा थोडेसे साखरपाणी पिऊ दिले, केवळ ४ मिलिलिटर. दुसऱ्या गटाला सॅकरिनचे पाणी दिले. ते गोड असते, पण त्यात ऊर्जा नसते. तिसऱ्या गटाच्या जठरात साखरपाणी नळीने थेट सोडले, म्हणजे ऊर्जा मिळाली पण जिभेला चव कळली नाही. नंतर सर्वांना ताण दिला. साखर पिणाऱ्यांचा आणि सॅकरिन पिणाऱ्यांचाही ताणाला मिळणारा प्रतिसाद सौम्य झाला. नळीवाल्यांचा झाला नाही!

या प्रयोगातून दोन गोष्टी निघतात. पहिली : ताणात गोड खाणाऱ्याच्या मेंदूला इंधन नको असते, त्याला सुख हवे असते. आणि ते सुख ताणाची घंटा काही काळ खरोखरच मंद करते. म्हणून 'हे सगळे मनाचे खेळ आहेत' असे म्हणणे बरोबर नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : काम जर सुखानेच होत असेल, तर ते सुख खाण्यातूनच मिळाले पाहिजे असे नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला त्याची गरज लागणार आहे.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण ताणाची ही साखळी दोघांतही जवळजवळ सारखीच आहे, आणि जे प्रयोग माणसावर करता येत नाहीत, ते उंदरांवर करून आपण वाट शोधतो.

ब्रेक सैल होतो

मेंदू एकदा शिकलेले विसरत नाही. काळजी, मग लाडू, मग दिलासा, अशी जोडी चार-दोन वेळा जमली, की डोपामिन हे रसायन वापरणाऱ्या मज्जापेशी ती जोडी पक्की करतात. पुढे लाडू खाण्याचीही गरज उरत नाही. डब्याच्या झाकणाचा आवाज किंवा नुसती काळजीची चाहूल एवढ्यानेही ओढ जागी होते.

या ओढीला एरवी आवर घालतो तो कपाळामागचा मेंदूचा भाग. नियोजन, विवेक, 'आत्ता नको, नंतर' असे म्हणणे, ही त्याची कामे. पण ताणात नेमका हाच भाग दुबळा पडतो. स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठात २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगात, आरोग्याला जपून खाणाऱ्या ५१ तरुणांपैकी २९ जणांना तीन मिनिटे बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावला. नंतर मेंदूचे चित्रण चालू असताना सर्वांना खाद्यपदार्थांतून निवड करायची होती. बर्फाचा ताण सोसलेल्यांनी चविष्ट पण अपायकारक पदार्थ अधिक वेळा निवडले. त्यांच्या मेंदूत चवीची किंमत सांगणारे संदेश जोरकस आणि दूरच्या हिताची आठवण देणारे संदेश क्षीण झालेले दिसले. फक्त तीन मिनिटांच्या थंड पाण्याने हे घडले!

एकसर जोडणीतील तीन बटणे

परंतु ताणात दोन लाडू जास्त खाणे वेगळे आणि डबा संपेपर्यंत थांबताच न येणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत 'बिंज ईटिंग' म्हणतात. आपण त्याला 'अनावर खाणे' म्हणू. ताण तर सर्वांनाच असतो. कितीतरी जणांचे तर ताणात खाणे कमीच होते. मग काहींच्याच बाबतीत खाणे अनावर का होते?

याचे एक उत्तर अमेरिकेतील मेरी हेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दिले. त्यांनी काही उंदरांना उपासाचे फेरे घडवले : काही दिवस कमी खाणे, मग पोटभर, मग पुन्हा कमी. वजन पूर्ववत झाल्यावर त्यांना थोडा ताण दिला आणि समोर चविष्ट खाद्य ठेवले. हे उंदीर भूक नसतानाही बेसुमार खात सुटले. केवळ उपास घडलेले किंवा केवळ ताण दिलेले उंदीर असे वागले नाहीत. एकसर जोडणीत तीन बटणे असावीत आणि तिन्ही दाबल्यावरच दिवा लागावा, तसा हा प्रकार आहे : मागची उपासमार, आत्ताचा ताण आणि हाताशी असलेला चविष्ट पदार्थ.

माणसांत उपासमारीचा परिणाम किती खोल जातो, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये केलेल्या प्रसिद्ध प्रयोगातून दिसले. दुसरे महायुद्ध चालू होते आणि भुकेने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे उभे करावे, हे शोधायचे होते. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने पुढे आले. २४ आठवडे त्यांना अपुरे अन्न दिले गेले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. हे तरुण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्यांतल्या काहींना कितीही खाल्ले तरी समाधान होईना. यांच्यापैकी कोणी मुळात खादाड नव्हता. उपासमारीने त्यांचा नियामक बिघडवला होता.

उपासमार नसली आणि नुसता कडक नेम असला, तरीही फरक पडतो. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीमची चव घेऊन मत द्यायला सांगितले. ज्या एरवी मोकळेपणाने खात, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या एरवी हात आखडून खात, त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर ते उलट जास्त खाल्ले. नेम मोडलाच आहे, मग आता काय शिल्लक राहिले, असा हा हिशेब. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपण थट्टेने म्हणतो. तिच्यामागे मेंदूचा असा एक नियम लपलेला आहे.

लाउडस्पीकरची शीळ

गणपतीच्या मांडवात भाषण चालू असताना लाउडस्पीकरने एकाएकी कर्कश शीळ मारलेली तुम्ही ऐकली असेल. मायक्रोफोनने टिपलेला आवाज लाउडस्पीकरमधून मोठा होऊन बाहेर पडतो, तो पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, आणि फेऱ्यागणिक वाढत जातो. हा धन फीडबॅक. इस्त्रीतील फीडबॅक बदलाला आवरतो. हा बदलाला भडकवतो.

अनावर खाण्यात हेच होते. काळजी वाढते, म्हणून माणूस खातो. क्षणभर बरे वाटते. मग लाज वाटते : 'मी किती दुबळा आहे!' लाज हादेखील ताणच. त्यावर उपाय म्हणून 'उद्या दिवसभर काही खायचे नाही' असा निश्चय होतो. म्हणजे ताणाचे बटण दाबलेले होतेच, आता उपासाचेही दाबले गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोर डबा येतो आणि फेरा पुन्हा सुरू होतो, आधीपेक्षा जोराने.

हा केवळ तर्क नाही. लोकांनी दिवसभरात वेळोवेळी आपल्या मनःस्थितीची नोंद ठेवलेल्या ३६ अभ्यासांचा एकत्रित विचार अ‍ॅलिसा हेट-मॅट आणि पामेला कील यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. अनावर खाण्याच्या आधी मनातील खिन्नता नेहमीपेक्षा वाढलेली होती. आणि खाल्ल्यानंतर ती कमी न होता आणखी वाढलेली आढळली. दिलासा मिळालाच, तर तो घासाघासांपुरताच टिकतो.

आता शीळ बंद कशी करतात ते आठवा. लाउडस्पीकरवर ओरडून ती थांबत नाही. उलट तो आवाजही मायक्रोफोनमध्ये शिरतो. कार्यकर्ता मायक्रोफोन दूर करतो किंवा आवाजाचे बटण उतरवतो. फेरा कुठेतरी तोडावा लागतो. एखाद्या मुलाला किंवा मुलीला वजनावरून, खाण्यावरून चारचौघांत टोमणे मारणे म्हणजे शीळ मारणाऱ्या लाउडस्पीकरवर ओरडणे होय.

फेरा कुठे तोडावा?

पहिली जागा उपासाची. जेवण चुकवू नका. एखाद्या रात्री जास्त खाल्ले गेले, तरी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी नेहमीचे जेवण घ्या. शिक्षा म्हणून उपाशी राहणे हा फेरा तोडण्याचा मार्ग नाही. फेरा चालू ठेवण्याचा आहे.

दुसरी जागा झोपेची. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. त्यांच्या रक्तातील लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. परीक्षेसाठी रात्र जागवणारा विद्यार्थी आपल्या भुकेच्या नियामकाला चुकीची खबर पाठवत असतो.

तिसरी जागा सुखाची. साखर आणि सॅकरिनचा तो प्रयोग आठवा. ताण मंद करणारे सुख खाण्याबाहेरही मिळते : दहा मिनिटे दोरीवरच्या उड्या, आवडते गाणे, अंगणात एक फेरी, मित्राशी गप्पा. हे उपाय आधीपासून ठरवून ठेवावे लागतात, कारण ऐन वेळी विवेकाचा ब्रेक सैल झालेला असतो.

चौथी जागा बोलण्याची. लाज एकांतात वाढते. विश्वासातल्या एका माणसापाशी मन मोकळे केले, तर तिचा जोर उतरतो.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात सर्वांसमोर वजन करणे, 'जाड्या', 'खादाड' अशी नावे ठेवणे, कोणाच्या डब्याकडे पाहून शेरे मारणे, हे टाळावे. ज्याला आपण शिस्त समजतो, ती एखाद्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ताणाच्या बटणावर ठेवलेले बोट ठरू शकते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परीक्षेच्या दिवसांत कधीतरी जास्त खाणे हा आजार नव्हे. पण थोड्या वेळात खूपच खाल्ले जाते, थांबायचे म्हटले तरी थांबता येत नाही, त्याचे मनाला फार दुःख होते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असे तीन महिने चालले आहे, तर तो उपचार करण्याजोगा आजार असू शकतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. तीन महिने भरण्याची वाट मात्र पाहू नये. खाल्ल्याची भरपाई म्हणून कोणी शरीराला अपाय करून घेत असेल, तर तत्काळ घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे. विचारांची व खाण्याची घडी बसवणाऱ्या मानसोपचाराने पुष्कळ रुग्णांना चांगला गुण येतो. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य बोलता येते.

करून पाहा

सात दिवस एक छोटी वही ठेवा. काही खाण्यापूर्वी तीनच गोष्टी लिहा : वेळ, भूक किती (० ते ५), आणि मनाची अवस्था एका शब्दात. अर्ध्या तासाने पुन्हा मनाची अवस्था लिहा. वजन किंवा कॅलरी लिहायच्या नाहीत. आपण स्वतःची तपासणी करत नसून निरीक्षण करत आहोत. लिहिण्यानेच मनाला त्रास होऊ लागला, तर वही खुशाल बंद करा. आठवडा संपल्यावर पाहा : भूक ० किंवा १ असताना खाल्ले, अशा नोंदी कोणत्या वेळी आणि कोणत्या मनःस्थितीत आहेत? अर्ध्या तासानंतर मनात काय बदल झाला?

मग पुढील प्रश्नांवर वर्गात चर्चा करा.

१. पेपर सुरू होण्यापूर्वी भूक मरते, पण संपल्यावर एक-दोन तासांत सडकून लागते. अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल यांच्या वेगातील फरकावरून याचे कारण सांगा.

२. उल्रिक-लाय यांच्या प्रयोगात सॅकरिनचा गट घेतला नसता, तर कोणता निष्कर्ष काढता आला नसता?

३. ऋण आणि धन फीडबॅकचे प्रत्येकी एक उदाहरण तुमच्या घरातून शोधा.

४. अनावर खाण्याच्या फेऱ्याची आकृती काढा. तुमच्या वर्गाला, शाळेला किंवा घराला तो कोणत्या जागी तोडता येईल, तिथे खूण करा.